आकाशातील परवलीचा शब्द

ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले ते १९३९ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ३ तारखेस. आणि पुढे ज्या स्पिटफायर विमानाचे नाव ब्रिटिश पराक्रमाशी कायमचे निगडित झाले, त्या विमानाच्या बंदुकांनी त्या युद्धात पहिली दोन विमाने पाडली ती त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, ६ सप्टेंबरच्या प्रातःकाळी. ही दोन्ही विमाने जर्मन नव्हती. ती ब्रिटिश हवाई दलाचीच हरिकेन जातीची विमाने होती, शेजारच्याच तळावरून उडालेली होती, आणि ज्या शत्रूचा समाचार घेण्यासाठी स्पिटफायर निघाली होती त्याच शत्रूच्या शोधात तीही फिरत होती. त्यांतील एक वैमानिक बचावला. दुसरा, सव्वीस वर्षांचा माँटेग्यू हल्टन-हॅरप, इप्सविच शहराजवळ विमानासह कोसळून मरण पावला, आणि त्या महायुद्धात प्राणास मुकलेला पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक म्हणून त्याची नोंद हवाई दलाच्या दप्तरी झाली. त्या सकाळी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर शत्रूचे एकही विमान आलेले नव्हते.

‘बार्किंग खाडीची लढाई’ या उपहासगर्भ नावाने प्रसिद्ध असलेला हा प्रसंग घडला कसा, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. कारण पुढील ऐंशी वर्षांत याच जातीचे जे अपघात झाले, त्यांतील बहुतेकांची बीजे या एका सकाळी सापडतात. सहाच्या सुमारास मर्सी बेटावरील प्रकाशझोताच्या ठाण्यावरून अनोळखी विमानांची खबर आली. त्या खबरेची शहानिशा करण्यास दोनचार विमाने पुरेशी होती. पण विभागाच्या नियंत्रकाने नॉर्थ वील्ड तळावरील ५६ क्रमांकाची सबंध स्क्वाड्रन वर पाठविली, आणि तिच्या मागोमाग दोन राखीव हरिकेन काहीशा अंतराने व खालच्या उंचीवरून जाऊ लागली. किनाऱ्यावरील रडारकेंद्रे समुद्राकडून येणारी विमाने हेरण्यासाठी उभारलेली असली तरी त्यांना पाठीमागून, म्हणजे जमिनीच्या बाजूनेही प्रतिध्वनी मिळत. पुढचा कोणता व मागचा कोणता हे ठरविण्याची जी योजना होती ती अद्याप बिनचूक झालेली नव्हती. आणि त्यामुळे जमिनीवर घिरट्या घालणारी आपलीच विमाने समुद्रावरून चालून येत आहेत असा भास नकाशाच्या टेबलाभोवती बसलेल्या अंमलदारांस झाला, असा उलगडा बहुतेक अभ्यासकांनी केला आहे. म्हणजे शत्रूच्या बंदोबस्तासाठी जितकी अधिक विमाने वर धाडावीत, तितकी शत्रूची संख्या नकाशावर अधिकच वाढत जावी, असे ते विलक्षण दुष्टचक्र होते.

या चक्रात हॉर्नचर्च तळावरील ७४ क्रमांकाची स्क्वाड्रन सापडली. तिच्या ज्या तुकडीने हल्ला केला तिचा नायक होता अ‍ॅडॉल्फ मलान, जो पुढे ब्रिटनच्या अग्रगण्य लढाऊ वैमानिकांत गणला गेला. मुख्य तुकडीपासून मागे व खाली राहिलेली ती दोन राखीव विमाने या वैमानिकांच्या दृष्टीस पडली. समोर शत्रू आहे असे त्यांना सांगण्यात आलेले होते. त्यांतील कोणालाही लढाईचा अनुभव नव्हता. आणि पॅडी बर्न व जॉन फ्रीबॉर्न या दोघांनी बंदुका चालविल्या. आपण हल्ला थांबविण्याचा हुकूम वेळीच दिला होता, अशी मलानची जबानी पडली. असा हुकूम आपल्या कानी आलाच नाही, उलट हल्ल्याचा हुकूमच मिळाला होता, अशी फ्रीबॉर्नची कैफियत होती. दोघेही कोर्टमार्शलपुढे उभे राहिले व निर्दोष सुटले. त्यांच्या बचावाचे काम करणाऱ्यांत रॉजर बुशेल हा वकील-वैमानिक होता, ज्याने पुढे जर्मन बंदिवासातून दोस्त राष्ट्रांच्या कैद्यांच्या सुप्रसिद्ध पलायनाची योजना आखली आणि जो त्याच साहसापायी १९४४ साली मारला गेला. फ्रीबॉर्न तर ब्रिटनच्या हवाई लढाईत शौर्याने लढून सन्मानास पात्र ठरला. यावरून एवढे निश्चित होते की, या अपघाताचे खापर नवशिक्यांच्या भेकडपणावर किंवा नालायकीवर फोडता येत नाही.

मग दोष कोठे होता? दृष्टीत होता असे म्हणावे, तर ज्या विमानाची आकृती या वैमानिकांना जगातील अन्य कोणत्याही विमानापेक्षा अधिक परिचयाची असावयास हवी होती, ते विमान हरिकेन होते. खरी गोष्ट अशी की, डोळ्याने काय पाहावे याचा निर्णय डोळ्याने पाहण्यापूर्वीच होऊन चुकलेला होता. दुर्बीण, रडार, टेलिफोन, नियंत्रक आणि नायक अशा साखळीतून ‘शत्रू’ हा एकच शब्द खाली उतरत आला, प्रत्येक कडीने तो पहिल्या कडीच्या भरवशावर पुढे सरकविला, आणि अखेरच्या माणसापाशी तो पोहोचला तेव्हा मूळच्या शंकेचा त्यात मागमूस उरलेला नव्हता. स्वपक्षाच्या विमानावर स्वपक्षाचाच मारा होण्याच्या दुर्घटनांचा इतिहास हा मुख्यतः या साखळीचा इतिहास आहे, आणि तिच्यावर योजलेले उपाय क्रमाने पाहिले असता असे आढळून येते की, प्रत्येक उपायाने एक कडी बळकट केली खरी, परंतु त्याबरोबरच साखळीची लांबीही वाढविली.

सर्वांत जुना उपाय रंगाचा. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा विमान हीच वस्तू इतकी नवी होती की, खंदकातील शिपाई डोक्यावरून जाणाऱ्या कोणत्याही विमानावर भेद न करता गोळ्या झाडीत. सबब ब्रिटिशांनी आपल्या विमानांच्या पंखांखाली राष्ट्रध्वज रंगविला. पण ध्वजातील तांबडा क्रूस तेवढा दुरून डोळ्यांत भरे आणि तो जर्मनांच्या काळ्या क्रुसासारखा भासे, म्हणून ज्या खुणेने प्राण वाचावयाचे तीच प्राणावर बेतू लागली. तेव्हा त्यांनी फ्रेंचांच्या वर्तुळांची पद्धत उचलली व रंगांचा क्रम तेवढा उलटा केला, म्हणजे फ्रेंचांचा निळा मध्यभागी तर ब्रिटिशांचा तांबडा. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानशी गाठ पडली तेव्हा हाच तांबडा ठिपका अडचणीचा ठरला. जपानी विमानांवर तांबड्या सूर्याचे बिंब असे. त्यामुळे अमेरिकेने १९४२ च्या मे महिन्यात आपल्या पांढऱ्या ताऱ्याच्या मध्यातील तांबडे वर्तुळ काढून टाकले, आणि हिंदुस्थान व ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढणाऱ्या ब्रिटिश व हिंदी स्क्वाड्रनांच्या विमानांवरूनही तांबडा रंग हद्दपार होऊन केवळ गडद व फिक्या निळ्या रंगांची वर्तुळे राहिली.

रंगाची मर्यादा किती भयंकर असू शकते हे १९४३ च्या जुलैतील ११ तारखेच्या रात्री सिसिलीच्या किनाऱ्यावर दिसून आले. छत्रीधारी सैनिकांस घेऊन १४४ अमेरिकी वाहतूक विमाने समुद्रकाठच्या दोस्त आरमारावरून व ठाण्यांवरून येत होती. त्याच संध्याकाळी जर्मन बाँबफेकी विमानांनी त्या आरमाराला हैराण करून सोडले होते. आपली विमाने येणार असल्याची सूचना रवाना झाली होती, पण ती प्रत्येक तोफेपर्यंत पोहोचलेली नव्हती. एका तोफेने मारा सुरू करताच बाकीच्यांनी तिचे अनुकरण केले, आणि २३ विमाने नष्ट होऊन ३७ विमानांची मोडतोड झाली. नॉर्मंडीच्या स्वारीपूर्वी या प्रसंगाची आठवण ताजी होती. म्हणून १९४४ च्या जूनच्या आरंभी हजारो विमानांच्या पंखांवर व धडावर तीन पांढरे व दोन काळे असे ठळक पट्टे रंगविण्याचे फर्मान सुटले. शत्रूने नक्कल करू नये म्हणून ही तजवीज इतकी गुप्त ठेवलेली होती की, तळांवरील कामगारांना हातांत ब्रश घेऊन हे प्रचंड काम एकदोन दिवसांत उरकावे लागले. पट्ट्यांचा उपयोग झाला. पण तो दिवसाउजेडी व जवळून. रात्रीच्या अंधारात, ढगांच्या पडद्याआड, आणि पुढे तर वीसवीस मैलांवरून क्षेपणास्त्र सोडण्याच्या युगात, रंगाची भाषा वाचणार कोण?

यासाठी दुसरा उपाय निघाला, तो रेडिओचा. किल्ल्याच्या दरवाजावरील पहारेकरी अंधारातून येणाऱ्यास परवलीचा शब्द विचारतो. तद्वतच रडारच्या लहरींनी विमानास हटकावे आणि विमानातील यंत्राने आपण होऊन ठरलेले उत्तर द्यावे, ही ती कल्पना. रडारचा आद्य प्रवर्तक रॉबर्ट वॉटसन-वॉट याला आरंभापासूनच या गरजेची जाणीव होती. पहिल्या यंत्रांत विमान रडारचीच लहर पकडून ती अधिक जोराने परत फेके, त्यामुळे पडद्यावरील त्याची खूण ठराविक वेळाने फुगलेली दिसे. पण रडारांचे प्रकार व त्यांच्या लहरींच्या वारंवारता वाढत चालल्या तशी त्या सर्वांस उत्तर देणे एका यंत्रास अशक्य झाले. म्हणून तिसऱ्या पिढीत प्रश्नोत्तरांसाठी स्वतंत्र वारंवारताच राखून ठेवण्यात आली, आणि आज लष्करी विमानांत जी संकेतबद्ध ओळखयंत्रे असतात त्यांचा वंश येथूनच चालत आला आहे.

परंतु या यंत्राच्या तर्कशास्त्रात एक खोल उणीव आहे. योग्य उत्तर आले तर समोरचे विमान आपले, एवढेच ते खात्रीने सांगू शकते. उत्तर आले नाही तर? यंत्र बिघडलेले असेल, संकेत कालचा असेल, वैमानिकाने ते बंद ठेवले असेल, मध्ये डोंगर आला असेल, किंवा समोर खरोखरच शत्रू असेल. मौनाचे हे पाच अर्थ एकाच मौनात सामावलेले असतात, आणि त्यांतील शेवटचाच निवडावा असा मोह भीतीच्या व घाईच्या क्षणी बंदुकीमागील माणसाला होतो. शिवाय उत्तर देणारे यंत्र हा एक दिवाच असल्यामुळे तो शत्रूलाही दिसतो. जर्मनीवर बाँब टाकण्यास जाणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांत अशी समजूत पसरली होती की, ओळखयंत्र चालू ठेवल्याने जर्मन प्रकाशझोत गोंधळतात. वास्तविक जर्मनांना त्याच उत्तरांवरून त्यांचा माग काढता येत असे, आणि शास्त्रज्ञांनी कितीही समजाविले तरी ती समजूत लवकर गेली नाही. व्हिएतनामच्या युद्धात हाच डाव अमेरिकनांनी उलटविला. त्यांच्या स्पॅरो क्षेपणास्त्राचा पल्ला दृष्टीच्या कितीतरी पलीकडचा होता. पण आपलीच विमाने त्याच आकाशात असल्यामुळे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ते सोडू नये असा सामान्यतः दंडक होता, म्हणजे शस्त्राचा मुख्य गुणच वाया जात होता. तेव्हा काही फँटम विमानांत असे उपकरण बसविण्यात आले की, जे शत्रूच्या सोव्हिएत बनावटीच्या ओळखयंत्रास हटकून त्याचे उत्तर ऐके. म्हणजे येथे शत्रू मौनावरून नव्हे, तर त्याच्याच बोलण्यावरून ओळखला जाऊ लागला. तर्काच्या दृष्टीने ही सुधारणा मोठी होती, कारण संशयाच्या जागी तिने पुरावा आणला.

रंग, रेडिओ, रडार आणि डोळे हे चारही साक्षीदार एकाच वेळी फितूर झाले, असा प्रसंग १९९४ च्या एप्रिलमधील १४ तारखेस उत्तर इराकवर घडला, आणि या विषयातील सर्वांत उद्बोधक प्रकरण म्हणून तो मानला जातो. आखाती युद्धानंतर कुर्द लोकांच्या रक्षणासाठी तेथे इराकी विमानांस मज्जाव करण्यात आला होता, आणि अमेरिकेची लढाऊ विमाने त्या प्रदेशावर गस्त घालीत. त्या सकाळी अमेरिकी भूदलाची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच व तुर्की अधिकारी आणि कुर्द प्रतिनिधी यांना घेऊन त्या हद्दीत शिरली. हवाई दलाच्या लेखी हुकुमाचा अर्थ गस्तीच्या दोन एफ-१५ वैमानिकांनी असा केलेला होता की, आपल्या आधी त्या हद्दीत आपले कोणतेही विमान असणार नाही. भूदलाची हेलिकॉप्टरे मात्र या नियमास अपवाद म्हणून बऱ्याच काळापासून बिनदिक्कत जात होती. हद्दीत शिरताच ओळखयंत्राचा संकेत बदलावा असा नियम होता, पण तो हेलिकॉप्टरवाल्यांपर्यंत नीट पोहोचलेलाच नव्हता. ते बाहेरचाच संकेत पाठवीत राहिले, आणि तो चुकीचा आहे हे कोणी त्यांना कधी सांगितले नाही. रेडिओही ते बाहेरच्याच वारंवारतेवर ठेवीत, त्यामुळे लढाऊ वैमानिकांचे बोलणे त्यांच्या कानी पडण्याचा प्रश्नच नव्हता.

या सर्वांवर देखरेख करण्यासाठी अवॅक्स हे उडते रडारकेंद्र आकाशात हजर होते, आणि त्यातील मंडळींस हेलिकॉप्टरांची माहितीही होती. एफ-१५ च्या नायकाने आपल्या रडारवर संथगतीची विमाने दिसल्याचे कळविले तेव्हा प्रथम त्याला उत्तर मिळाले की, तेथे काही दिसत नाही. नंतर उत्तर मिळाले की, तेथे प्रतिध्वनी आहेत. परंतु ‘ती आपली हेलिकॉप्टरे असू शकतील’ हे एक वाक्य कोणाच्याही तोंडून निघाले नाही. ओळखयंत्राच्या गुप्त संकेताचे उत्तर नायकाला क्षणभर मिळाल्यासारखे झाले व मिळेनासे झाले. मग तो प्रत्यक्ष पाहण्यासाठी वेगाने जवळून गेला. हेलिकॉप्टरांवर अमेरिकी ध्वजाची चित्रे रंगविलेली होती. पण गर्द रंगाची ती याने दरीत खाली उडत होती, त्यांच्या दोन्ही बाजूंस इंधनाच्या जादा टाक्या लटकत होत्या, आणि ज्याच्या मनात इराकी हिंड हेलिकॉप्टरची आकृती आधीच उभी होती त्याला त्या टाक्यांत हिंडचे आखूड पंख दिसले. सोबत्याने ‘दोन दिसली’ अशा अर्थाचे उत्तर दिले; त्याने हेलिकॉप्टरे पाहिल्याचे सांगितले होते, नायकाने ओळख पटल्याचे ऐकले. काही क्षणांत दोन क्षेपणास्त्रे सुटली आणि २६ माणसे मरण पावली. रडारवरील पहिल्या खुणेपासून येथवर सुमारे आठ मिनिटांचा अवधी गेला होता.

कोर्टमार्शलपुढे उभा राहिला तो अवॅक्समधील एक अधिकारी, आणि १९९५ साली तो निर्दोष ठरला. लढाऊ वैमानिकांवर खटला उभा राहिला नाही; मृतांच्या आप्तांचा क्षोभ झाला आणि हवाई दलाच्या प्रमुखांस नंतर स्वतंत्रपणे कडक शिस्तभंगाचे उपाय योजावे लागले. स्कॉट स्नूक या अमेरिकी भूदलातील अधिकारी-अभ्यासकाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रकरणाची जी मीमांसा केली आहे तिचे सार असे की, कचेरीत बसून लिहिलेला नियम आणि मैदानातील प्रत्यक्ष वहिवाट ही दिवसेंदिवस एकमेकींपासून दूर सरकत जातात. प्रत्येक खाते आपल्या सोयीची वहिवाट पाडते व दुसरे खाते मात्र अद्याप मूळ नियमानेच वागत आहे असे गृहीत धरते. आणि वर्षानुवर्षे काहीही विपरीत न घडल्यामुळे ही दरी कोणाच्या नजरेस येत नाही. भूदलाची हेलिकॉप्टरे आपल्या वहिवाटीने बरोबर चालली होती, लढाऊ विमाने आपल्या नियमाने बरोबर चालली होती, आणि या दोन बरोबर गोष्टींच्या मध्ये सव्वीस माणसे सापडली.

यंत्रे अधिक हुशार झाली म्हणजे ही दरी बुजेल, ही आशा २००३ च्या इराकी युद्धाने फोल ठरविली. त्या वर्षीच्या २३ मार्चला अमेरिकी पेट्रियट तोफखान्याने मोहिमेवरून परतणारे ब्रिटिश टॉर्नेडो विमान शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले व त्यातील दोघे मृत्युमुखी पडले. विमानाच्या ओळखयंत्राने उत्तर दिले नव्हते आणि यंत्रगणकाने काढलेल्या निष्कर्षावर माणसांनी काही क्षणांत शिक्कामोर्तब केले. २ एप्रिलला अमेरिकी आरमाराचे एक विमान त्याच तोफखान्यास बळी पडले. आपल्या देशासही हे दुःख अनुभवावे लागले आहे. बालाकोटच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, काश्मीरवर भारत व पाकिस्तान या दोन्ही बाजूंची लढाऊ विमाने झुंजत असताना श्रीनगरच्या तळाकडे परतणारे भारतीय हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने बडगामजवळ पाडले गेले. त्यातील सहा जण, ज्यांत नाशिकचा एक तरुण स्क्वाड्रन लीडर होता, आणि जमिनीवरील एक नागरिक असे सात जीव गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ही आपली मोठी चूक होती असे जाहीरपणे मान्य केले. युद्धज्वर चढलेला असताना झालेली चूक शत्रूच्या नावे किंवा यांत्रिक बिघाडाच्या नावे खर्ची टाकणे सोपे असते. ती आपल्या नावे लिहिण्याचे धैर्य हा या विषयातील पहिला उपाय आहे, कारण जी चूक दप्तरी नोंदलीच जात नाही तिचा अभ्यास कोण करणार?

दुसरा उपाय अधिक कठीण आहे. खटला भरून एखाद्यास शिक्षा देणे न्यायास आवश्यक असेल, तेथे ती द्यावीच. पण शिक्षा झालेला अधिकारी गेला तरी ज्या साखळीने त्याच्या हाती चुकीचा शब्द दिला ती साखळी जागच्या जागी राहते. बार्किंगच्या प्रसंगी जो नियंत्रक होता त्याच्या ठिकाणी, इराकमध्ये जे अवॅक्सचे अंमलदार होते त्यांच्या ठिकाणी, उद्या दुसरा कोणी बसेल आणि त्याच्यापुढेही तेच अपुरे ज्ञान व तीच घाई असेल. म्हणून दोन खात्यांच्या सीमेवर, जेथे भूदलाचा हुकूम संपतो व हवाई दलाचा सुरू होतो, तेथे शांततेच्या काळातच जाऊन नियम व वहिवाट यांचा ताळा घ्यावा लागतो; आणि ‘या हद्दीत आपले कोणी नाही’ असे सांगणाऱ्या माणसाला हे आपण कशावरून म्हणतो, असे विचारण्याचा अधिकार शेवटच्या वैमानिकालाही द्यावा लागतो. शस्त्राचा पल्ला डोळ्यांच्या पल्ल्यापलीकडे गेला तेव्हापासून लढवय्या हा दुसऱ्याच्या शब्दावर प्राण घेऊ लागला आहे. तेव्हा तो शब्द खरा ठेवण्याची जबाबदारी त्याच्या बोटावर नव्हे, तर शब्द देणाऱ्या प्रत्येकावर पडते, आणि जे सैन्य ही जबाबदारी लिहून, वाटून व वेळोवेळी तपासून ठेवीत नाही, त्याने कितीही उत्तम यंत्रे विकत घेतली तरी आपल्याच माणसांपासून आपल्या माणसांचे रक्षण करणे त्यास साधणार नाही.